पाठवलास, पण दिला नाहीस

गेल्या गणपतीत चिपळूणला आत्याकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दुपारची जेवणं उरकली होती, आरतीचा कापूर अजून घरभर होता आणि शेजारच्या वहिनी उकडीचे मोदक घेऊन आल्या होत्या. बोलता बोलता शिमग्याचा विषय निघाला आणि आत्या त्यांना आतोबांचा पालखीपुढचा फोटो दाखवायला फोन घेऊन बसली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. पोथीचं पान उलटावं तसं दर वेळी बोट जिभेला लावून ती स्क्रीन वर सरकवत होती. गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, स्वामी समर्थ, गॅसच्या नंबराचा स्क्रीनशॉट, कुणाचा तरी एक्स-रे, पुन्हा गुलाब. 'इथंच होता मेला,' असं तीन-चारदा म्हणून झालं. वहिनी दोन मिनिटं वाकून बघत राहिल्या, मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, 'असू दे हो, नंतर बघू सावकाश.' त्या गेल्या. आत्यानं फोन पदराला पुसून टीव्हीशेजारी ठेवला.

मला उगाचच अपराधी वाटलं. म्हटलं, 'आत्या, तो फोटो मी दोनदा पाठवलाय तुला.'

'पाठवलास रे. पण दिला नाहीस.'

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. दूधवाला आला नाही, वीज गेली, तसं साधं सांगितलं आणि ती मोदक झाकायला आत गेली. मी मात्र डोंबिवलीला परत येईपर्यंत ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं जिभेनं चाळवत बसलो. आपण हल्ली काहीच देत नाही की काय? लग्नाची पत्रिका पाठवतो, आहेर पाठवतो, 'भावपूर्ण श्रद्धांजली'सुद्धा पाठवतो.

तिनं हे म्हणायला कारण होतं. आत्याच्या घरात 22 जुलै 2021 च्या आधीचा एकही फोटो तिच्या स्वतःचा उरलेला नाही. वाशिष्ठीच्या पुराबद्दल नव्यानं काय सांगायचं, सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या घरापुरतं सांगायचं तर 2005 च्या पुराची एक रेघ भिंतीवर होती. आतोबांनी ती मुद्दाम पुसू दिली नव्हती. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेलेला माणूस, हिशेब पक्का. कपाटातला अल्बमचा कप्पा त्यांनी त्या रेघेच्या वर चांगला वीतभर घेतला होता. 'आता येऊन येऊन किती येईल?' पाणी त्या रेघेला विचारायला थांबलं नाही. दोघं शेजारच्या माडीवर जाऊन बसली आणि खाली कपाट बुडालं.

मी पोचलो तो आठवड्यानं. गच्चीवर चिखलाच्या भांड्यांशेजारी अल्बम उन्हात ठेवलेले होते. जुलैच्या अखेरीला कोकणात जेवढं ऊन मिळतं तेवढंच. सगळ्यांना वाटत होतं, वाळले की सुटतील. वाळले, आणि विटा झाल्या. छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओला असताना तो मऊ होतो, आणि वाळताना जे काही समोर असेल त्याला, म्हणजे प्लास्टिकला, काचेला, दुसऱ्या फोटोला, कायमचा चिकटतो. वाळवण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून एकेक सोडवायचे असतात, मग तोंड वर करून सुटे सुटे पसरायचे, हे मला नंतर कळलं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं, तेही फार काळजीनं.

एक फोटो मी तरीही सुरीनं सोडवला. त्याच्या कडा मी विसरणार नाही. आत मधोमध मुंजीतला बटू जसाच्या तसा, डोक्यावर मुंडावळ्या, आणि चहूबाजूंनी पाणी आत शिरत गेलेलं. सगळ्यात बाहेर कोरा पांढरा पट्टा, मग पिवळा हळदीसारखा, मग शेंदरी, आणि त्याच्या आत शिल्लक राहिलेला मुलगा. दिसायला इतकं सुंदर होतं की लाज वाटली. त्याचं कारणही पुढे प्रिंटरच्या नादात समजलं. रंगीत फोटोच्या कागदावर रंगांचे तीन थर असतात, वर निळसर, मधे किरमिजी, तळाशी पिवळा. पाणी वरून खात येतं. निळसर गेला की उरतो शेंदरी, किरमिजी गेला की पिवळा, पिवळाही गेला की कागद. पुरानं त्या मुंजीचे थर कांद्यासारखे सोलले होते.

मग झालं ते असं, की फोटो परत यायला लागले. बडोद्याच्या मावशीकडून लग्नाचा एक आला, 1979 चा, काळा-पांढरा, आतोबांचे कान टोपीबाहेर आलेले. आमच्या बाबांच्या ट्रंकेत अकरा निघाले. कल्याणहून, गुहागरहून, कुणाच्या देव्हाऱ्यामागून. प्रत्येकाच्या पाठीवर आत्याचंच अक्षर. 'चि. बाळूस सप्रेम'. 'मे 86, गणपतीपुळे, सुमी रुसली आहे'. त्या काळी छत्तीसचा रोल धुऊन आला की आतोबा निगेटिव्हच्या पट्ट्या खिडकीत धरायचे आणि कुठल्या नंबरच्या किती रिप्रिंट काढायच्या ते पाकिटावर पेन्सिलीनं लिहायचे. सात नंबर, चार. बारा नंबर, दोन. त्या प्रती जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात घालून टपालानं जायच्या. स्वतःकडे ठेवलेलं सगळं बुडालं होतं. जे दुसऱ्यांना दिलं होतं, तेवढंच परत आलं.

आतोबा डिसेंबर 2023 मध्ये गेले. शेवटची दहा-बारा वर्षं त्यांचे सगळे फोटो कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्येच होते.

गणपतीहून आल्यावर पहिल्यांदा जे कुणीही करील तेच मी केलं. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत तो शिमग्याचा फोटो दिला आणि भिंतीवर लावण्याजोगा मोठा करून मागितला. पोरगा भला होता, चहा विचारला. चार दिवसांनी फ्रेमसकट फोटो मिळाला आणि मी तो पिशवीतून काढून बघितला, तर आत एक गोरे, गुळगुळीत गृहस्थ पालखीपुढे नाचत होते. हनुवटीवरचा तीळ गेला होता. उन्हातान्हात एसटीच्या पायरीवर रापलेला रंग गेला होता. कवळी काढून ठेवल्यानं बसलेले गाल भरून आले होते. 'थोडं क्लीन केलंय काका,' पोरगा अभिमानानं म्हणाला. त्याची तरी काय चूक? बाराबाय अठरा मागितला होता मी, आणि फाइल होती व्हॉट्सॲपवरून आलेली, जेमतेम 1600 पिक्सेल रुंद. मूळ फोटो काढणारा फोन कधीच मेला होता. तेवढे ठिपके अठरा इंचांवर ताणले की इंचाला नव्वदही पडत नाहीत. मग सॉफ्टवेअर मधल्या जागा आपल्या मनानं भरतं, आणि त्याच्या मनात माणूस म्हटला की तो गोरा आणि बिनसुरकुत्यांचा असतो. हे आजचंही नाही. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एका बाईच्या फोटोचं कार्ड असायचं, शर्ली म्हणत तिला. ती अर्थातच गोरी. ती नीट दिसली म्हणजे मशीन नीट. बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यायचं.

ती फ्रेम मी आत्याला दाखवली नाही. माझ्या कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून.

तेव्हा ठरवलं, आपणच काढायचे. लहान काढू, पण आपण काढू.

आता खरं म्हणजे माझ्या घरात प्रिंटर होता. कपाटावर, मुलीच्या सायकलच्या पंपाशेजारी. लॉकडाउनमध्ये शाळेच्या वर्कशीटसाठी घेतलेला, मग विसरलेला. कित्येक वर्षांनी चालू केला तर आधी कण्हला, मग खूप वेळ आत काहीतरी घासत राहिला आणि शेवटी आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचे आतोबा बाहेर आले, जणू खिडकीच्या गजांआड उभे. हेड क्लीनिंग केलं. पुन्हा पट्ट्या. पुन्हा क्लीनिंग. दुरुस्तीवाला म्हणाला, 'हेड चोक झालाय साहेब. आणि असं सारखं क्लीनिंग मारू नका, सगळी शाई आत पॅडमध्ये जाते.' मी हिशेब केला. आतोबांचा एक फोटो न काढता मी निम्मी शाई एका स्पंजाला पाजली होती. बँकेत माझ्या काउंटरशेजारी पासबुकाचं मशीन आहे, खटखट करणारं, टाचण्यांचं. त्याला शिव्या देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण एक कबूल करतो, महिनाभर बंद ठेवा आणि चालू करा, ते तोंड वाकडं करत नाही.

शाईच्या प्रिंटरची गंमत अशी, की त्याचं काम ऐकलं की थक्क व्हायला होतं आणि त्याच्याशी संसार केला की वैताग येतो. केसाहून बारीक भोकांतून तो शाईचे थेंब उडवतो. चांगल्या फोटो प्रिंटरचा थेंब दीड-दोन पिकोलिटरचा असतो, आणि पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. कॅनन आणि एचपीवाले शाईला क्षणभर उकळवून बुडबुड्यानं तो थेंब ढकलतात. एप्सनवाले वीज दिली की वाकणाऱ्या स्फटिकानं तो पिळून काढतात. आपण महिन्यातून एकदा आठवण काढणारी माणसं. तेवढ्यात त्या भोकांच्या तोंडाशी शाई सुकून बसते. दर आठवड्याला एखादं रंगीत पान काढत राहिलं तर तो सुखानं नांदतो. म्हणजे कुत्रं पाळल्यासारखं, रोज फिरवून आणायचं.

एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पहिल्या दुकानात शिरलो आणि 'फोटोसाठी घरगुती प्रिंटर' एवढंच म्हणालो, तर मालकानं उलट विचारलं, 'महिन्याला किती काढणार?' हा प्रश्न मला फार आवडला. डॉक्टरनं 'किती पाणी पिता' विचारावं तसा. मी म्हटलं, 'महिन्याला... असे नाहीच. कधी पन्नास, मग सहा महिने काही नाही.' त्यानं हातातलं माहितीपत्रक खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते मी ट्रेनमध्ये बसून लिहून काढलं होतं. चार रंगांचे टाकीवाले प्रिंटर स्वस्त पडतात, पण ते कागदपत्रांसाठी. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत काळी शाई वेगळ्या जातीची असते, ती चकचकीत फोटो पेपरवर बसतच नाही, मग मशीन काळा रंग उरलेल्या तिघांतून कालवतं आणि काळे केस चॉकलेटी दिसतात. सहा रंगांचा घ्या, त्यात फिका निळसर आणि फिका किरमिजी जादा असतो, त्यामुळे गालावर ठिपके दिसत नाहीत. पण तो रोज चालवणाऱ्याला. लेझरचं नावच काढू नका, फोटोला त्याची पावडर उपयोगाची नाही. खिशात मावणारे ते बिनशाईचे, त्यांचा रंग कागदातच असतो, तापवला की उमटतो, पण ती पोरींची हौस, फोटो पत्त्याहून लहान.

मी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी मला खरं विचारायचं होतं ते विचारलं. 'पुरात टिकेल असा कुठला?'

दुकानातला पोरगा हसला. मालक हसला नाही. त्यानं विचारलं, 'गाव कुठलं?'

मग तो म्हणाला की रंगद्रव्याच्या शाईचा, ज्याला ते पिगमेंट म्हणतात, तो पाण्याला जास्त दाद देत नाही. पण तसे खास फोटोचे प्रिंटर मोठ्या कागदाचे, व्यावसायिकांचे. किंमत ऐकून मीच पाणी मागितलं. आणि दुसरा हा, असं म्हणून त्यानं जेवणाच्या डब्याएवढं एक पांढरं यंत्र पुढे सरकवलं. डाय सब्लिमेशन. यात शाई नाही, रिबीन आहे. फोरबाय सिक्सपेक्षा तसूभर लहान फोटो निघेल, त्याहून मोठा कधीच नाही. कागद आणि रिबीन एकाच पाकिटात येतात, एकशे आठ फोटोंची. सहा महिने बंद ठेवा, काही होत नाही, सुकायला आत काही ओलं नाहीच. मी मोह आवरला आणि म्हटलं, एक फोटो काढून द्या, पैसे घ्या, मी घरी जाऊन ठरवतो. त्यानं दिला. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन मी जे केलं त्याचं बायकोला आजही हसू येतं. एकाच फोटोच्या चार प्रती जमवल्या. एक त्या डब्याची. दोन बँकेतल्या सहकाऱ्याच्या टाकीवाल्या प्रिंटरवर काढलेल्या, पैकी एक कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडच्या स्वस्त ग्लॉसी कागदावर आणि एक चांगल्या, दोन्हीकडून प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर. चौथी लॅबमध्ये धुतलेली. बाल्कनीतल्या कुंडीतली दोन मुठी माती बादलीत कालवली, कारण पुराचं पाणी नळाचं नसतं, आणि चारही आतोबा त्यात रात्रभर बुडवून ठेवले. झोपताना दोनदा उठून बघून आलो. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, 'अहो, पोहायला येतं त्यांना.'

सकाळी स्वस्त कागदाची प्रत उचलायला गेलो तर ती पापडाच्या ओल्या लाटीसारखी हातात दोन ठिकाणी तुटली. गुलालाचा लाल रंग बादलीत उतरला होता. चांगल्या कागदावरची बरीच तगली होती, फक्त कापलेल्या कडेनं किरमिजी झिरपला होता आणि अंगठा जिथं टेकला तिथं अंगठा उमटला. लॅबची प्रत दिसायला उत्तम, पण पृष्ठभाग सायीसारखा मऊ, नख लागलं आणि पालखीचा दांडा सोलून निघाला. आणि डब्याची? नळाखाली धरली, माती निघून गेली, खाली आतोबा तसेच हसताहेत. चारी कडांनी कागदानं थोडं पाणी प्यायलं होतं, वाळल्यावर किंचित वाकला, एवढंच. एका बादलीवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. चार दिवस चिखलात राहून, वर कपाट पडून काय झालं असतं कोण जाणे. पण मी सोमवारी हाफ डे टाकून लॅमिंग्टन रोडला गेलो.

यंत्र घरी आलं त्या रात्री आम्ही तिघं डायनिंग टेबलाभोवती सत्यनारायणाला बसावं तसे बसलो. त्याच्या मागे वीतभर मोकळी जागा ठेवावी लागते, कारण कागद पुढून आत जाताना पाठीमागून बाहेर डोकावतो. ते माहीत नसल्यानं पहिला फोटो भिंतीला आपटून अडकला. दुसऱ्या खेपेला कागद आत गेला आणि बाहेर आला तो नुसता पिवळा. पिवळी पालखी, पिवळे आतोबा, पुसट. मुलगी ओरडली, 'बाबा, बिघडलंय.' पुन्हा आत गेला. किरमिजी चढला आणि गुलाल पेटला. पुन्हा आत. निळसर आला तशा सावल्या आल्या, आकाश आलं, सदऱ्याच्या घड्या आल्या. चौथ्या खेपेला रंग नव्हताच, नुसता एक पारदर्शक थर वरून बसला, फोटोला रेनकोट घालावा तसा. मिनिटभरही लागलं नव्हतं. गच्चीवर सुरीनं सोडवलेली ती मुंज मला आठवली. पिवळा, मग शेंदरी, मग बटू. पाण्यानं जे थर ज्या क्रमानं काढून नेले होते, ते हे यंत्र उलट क्रमानं परत घालत होतं. हे मी कुणाला बोललो नाही. फोटो गरम होता. मुलीनं तो गालाला लावला.

पण आतोबा काळपट आले होते. फोनचा पडदा पाठीमागून उजळलेला असतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो, खोलीतल्या बल्बवर त्याला भागवावं लागतं. म्हणून पडद्यावर छान दिसणारा फोटो कागदावर एक पायरी उतरतोच. मी उजेडाची पट्टी थोडी उजवीकडे सरकवली. ठीक. अजून थोडी. आता तीळ दिसतोय, सुरकुत्याही दिसताहेत. अजून थोडी सरकवली आणि हात थांबला. त्या स्टुडिओतल्या पोराचाही हात असाच सरकत गेला असेल ना? कुठपर्यंत तो माणूस नीट दिसावा म्हणून उजेड होता आणि कुठून पुढे गोरेपण सुरू झालं? मी फोन बाजूला ठेवून डोळे मिटले आणि त्यांचा रंग आठवायचा प्रयत्न केला. खरं सांगतो, आठवला नाही. तांब्याच्या घंगाळाशेजारी अंघोळीला बसलेले आठवले, दोघांचा रंग जवळपास एकच होता. त्या घंगाळावर पट्टी ठेवली. बरोबर आहे की नाही ते आत्या सांगेल.

दुसरा घोळ मापाचा. फोनचा फोटो चारास तीन आणि कागद साधारण तीनास दोन, म्हणजे कागद भरून काढायचा तर फोटोचा नववा हिस्सा वरून किंवा खालून कापावा लागतो. वरून कापला तर पालखीचा कळस जातो, खालून कापला तर आतोबांचे अनवाणी पाय. देव की माणूस, असा प्रश्न रात्री साडेअकरा वाजता डायनिंग टेबलावर येईल असं वाटलं नव्हतं. शेवटी दोन्ही बाजूंना पांढरी कड सोडून पूर्ण फोटो काढला. मुलगी म्हणाली, जुन्यासारखा दिसतो.

मग निवडानिवड. माझ्या फोनमध्ये अठरा हजारांवर फोटो आहेत. त्यातले अर्धे पावत्या, पार्किंगचे खांब आणि 'हे बिस्किट मिळतं का बघ' असे. मी ठरवलं, छत्तीसच काढायचे, एका रोलचे. छत्तीस निवडायला तीन आठवडे लागले. एका प्रतीचे वीस-पंचवीस रुपये म्हणजे काही फार नाही, लॅबमध्ये याच्या निम्म्यात होतं काम, पण प्रत्येक वेळी बटण दाबताना हात क्षणभर थबकायचा. आतोबा पूर्वी कॅमेऱ्याचं बटण दाबताना थबकायचे तसाच. 'हलू नका' असं ते स्वतःलाही म्हणायचे. एकाच क्षणाचे सतरा फोटो असायचे, त्यातला एक ठेवताना बाकी सोळा वेळा उगाच कुणाचा तरी अपमान केल्यासारखं वाटायचं. काही फोटो बघून कळेना की ते मी काढलेच का.

छत्तीस झाल्यावर रिबिनीचं कार्ट्रिज बाहेर काढलं आणि दिव्यासमोर धरलं. त्यावर प्रत्येक फोटोचं भूत होतं. पिवळ्या पट्टीत एकदा, किरमिजीत एकदा, निळसरात एकदा, जिथला रंग कागदावर गेला तिथं उघडं पडलेलं, बाकी तसंच. उलटे आतोबा, उलटी पालखी. निगेटिव्ह! मी ती पट्टी खिडकीत धरून बघितली, अगदी आतोबांच्या पद्धतीनं, एक डोळा मिटून. याच्यावरून रिप्रिंट मात्र निघत नाही. आणि कचऱ्यात टाकायची तर कात्रीनं कापून टाकावी लागते, नाहीतर घरातले सगळे चेहरे उकिरड्यावर उलगडत जातील. शिवाय हे सगळं प्लास्टिक, एका फोटोला तीन रंग आणि एक रेनकोट. त्याचं थोडं टोचतं. मी ती अजून टाकलेली नाही.

शिमग्याला ठाण्याहून मांडवी पकडली. छत्तीस फोटो जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात घातले होते. पत्रिका माझ्या लग्नाचीच होती, तेवढ्या शिल्लक आहेत. आत्यानं हात धुतले, पदराला पुसले, खिडकीशी बसली आणि पहिला फोटो हातात घेतला. बोट जिभेकडे गेलं, मग तिच्याच लक्षात आलं आणि तिनं कडेनं धरला. लांब धरला, जवळ आणला. रंगाबद्दल काही बोलली नाही. बरीच थांबून म्हणाली, 'कवळी घाला म्हणून सांगत होते मी त्यांना त्या दिवशी.' मी घंगाळाचं तिला सांगितलं नाही.

मग तिनं पेन मागितलं. पाठीवर लिहायला. बॉलपेन त्या गुळगुळीत पाठीवर घसरलं, जेलपेन फिसकटलं आणि तिच्या बोटाला लागलं. ती उठून स्वयंपाकघरातून मार्कर घेऊन आली, लोणच्याच्या बरण्यांवर तारखा घालायचा. 'शिमगा 22, पालखीपुढे हे.' आतोबांचं नाव तिनं आजवर घेतलेलं नाही, लिहितानाही घेतलं नाही. वाळायला एकेक फोटो पालथा मांडत गेली, शिमग्याच्या कुरडयांसारखा, आणि मी बाजूला बसून चहा पीत बघत राहिलो. बरं वाटत होतं. मग ती फोटो उचलून दोन ढीग करायला लागली. 'हा सुमीला. हा बडोद्याला, मावशीची नात लग्नाची झालीय, तिला दाखवायला हवा. हा शेजारी देते, त्या दिवशी बिचारीला बघायचा राहिला.' मी म्हटलं, 'अगं, हे तुला आणलेत!' 'हो ना,' ती म्हणाली, आणि अजून एक त्या ढिगावर ठेवला.

मला थोडा राग आला होता, लपवण्यात अर्थ नाही. तीन आठवडे, एक बादली, एक हाफ डे आणि छत्तीस वेळा थबकलेला हात. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे चौदा राहिले. ते तिनं पापडाच्या डब्यात घातले, घट्ट झाकणाच्या, आणि मला स्टुलावर चढवून माळ्यावर ठेवायला लावले. माळ्याच्या खाली वीतभर, भिंतीवर एकविसाची रेघ आहे. रंग दिला तेव्हा तेवढीच जागा तिनं सोडायला लावली होती.

निघताना तिनं कालनिर्णयचं फाटलेलं पान चौपदरी करून माझ्या खिशात घातलं. पनवेल गेल्यावर उघडलं. पाठीमागे मार्करनं यादी होती. 'पालखी – 5. विहिरीवरचा – 2. सुमी आणि मी – 3. सत्यनारायण – 4 (भटजींना पण). तुझ्या लेकीचा दात पडलेला – 6.' खाली रेघ मारून बेरीज, आणि बेरजेखाली, 'पैसे घेऊन जा म्हटलं तर ऐकत नाहीस.'

जुन्या पाकिटात या वीस फोटोंपुरती रिबीन आहे, पण तिच्या याद्या आता थांबायच्या नाहीत. नवं मागवायला हवं.

मागवताना बघितलं, दोन घेतली तर टपालखर्च वाचतो.